चोवीस चोकचं कपाट

शनिवार, ६ एप्रिल

आधी एक दुरुस्ती. परवाच्या पानावर मी लिहिलं आहे की मालकांनी सगळ्यांसमोर मला शाबासकी दिली. तसं झालं नाही. मालक म्हणाले, "ठीक आहे, लावा." "वा" म्हणाला तो आमचा पेंटर, आणि तोही बहुतेक स्वतःच्या रंगालाच, कारण त्या वेळी तो कपाटाच्या दारावरून बोट फिरवून बघत होता. घरी येईपर्यंत दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र झाल्या आणि लिहिताना त्यांची शाबासकी झाली. पान खोडत नाही. इथे लिहून ठेवते म्हणजे झालं.

घाईत कामाबद्दलही नीट लिहिलं नव्हतं. आमच्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मर आणि चोकचं वाइंडिंग होतं. गायनशाळेच्या मोठ्या खोलीत चोवीस ट्यूबलाइट आहेत आणि त्यांचे चोक सतत घूं करतात. तिथल्या गायनबाईंनी मालकांना सांगितलं, दिवे राहू द्या, पण हा आवाज माझ्या खोलीतून काढा. म्हणून ठरलं की सगळे चोक छतावरून काढून जिन्याखाली एका लाकडी कपाटात बसवायचे, आतून आवाज शोषणारं जाड फेल्ट लावायचं आणि कपाट बंद. प्रश्न एवढाच होता की आत किती उष्णता होईल. भोकं ठेवली तर हवा खेळेल, पण आवाजही बाहेर येईल.

आमच्या जुन्या मिस्त्रींनी टेबलावर खडूने गुणाकार केला. चोकवर दोनशे पाच व्होल्ट, प्रवाह शून्य पूर्णांक त्रेचाळीस अँपिअर, म्हणजे अठ्ठ्याऐंशी. गुणिले चोवीस. "दोन हजारांच्या वर गेलं, मास्तरीण," ते म्हणाले. "हे कपाट नाही, भट्टी आहे. नाही म्हणून कळवू त्यांना."

मी शिकलेली आहे म्हणून कारखान्यात सगळे मला मास्तरीण म्हणतात. पहिले काही दिवस मला ते लागायचं.

मी म्हणाले की असा सरळ गुणाकार इथे चालत नाही. आपली वीज उलटसुलट वाहणारी, आणि चोकमध्ये प्रवाह व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो. त्यामुळे चोक थोडा वेळ वीज घेतो आणि पुढच्या क्षणी तीच परत देतो. घेतलेलं बहुतेक सगळं परत जातं. उष्णता होते ती फक्त तारेच्या रोधात. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. वॅटमीटर दुरुस्तीला गेला होता, म्हणून मी मल्टिमीटरने तारेचा रोध मोजला. अठ्ठावीस ओहम. चोकमागे सव्वापाच वॅटच्या आत. चोवीसांचे मिळून सव्वाशे. बाबांची इस्त्री साडेसातशे वॅटची आहे, म्हणजे तिचा सहावा हिस्सा. कपाटातली हवा बाहेरच्यापेक्षा वीस अंशांनी तापेल, त्याहून जास्त नाही.

मिस्त्रींनी आपला गुणाकार बाहीने पुसला. मी जन्मले नव्हते तेव्हापासून ते हे काम करतात. त्यांच्या जागी मी असते तर पुसला असता का, ठाऊक नाही. ते एवढंच म्हणाले, "मीटर आला की एकदा लावून बघू."

आमच्याकडे एक रीत आहे. ज्याचा हिशोब, त्याची सही. कपाट असो की पेटी, दाराच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने आकडा लिहायचा आणि खाली सही करायची. आज मी "१२५ वॅट" लिहिलं आणि सही केली. मिस्त्रींनी रंगाचा डबा धरला. कागदावरच्या सह्या कुणीतरी फायलीत घालून टाकतं. ही राहणार आहे. आमच्या घरात आजवर अंगठेच उठले, त्यामुळे हे इथे दोनदा लिहिलं तरी चालेल: ही राहणार आहे.

सोमवार, ८ एप्रिल

कपाट लागलं. गायनबाईंनी सगळे दिवे लावायला सांगितले आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. मला वाटलं कुठेतरी घूं राहिलंय. मग त्या म्हणाल्या, "मला माझ्याच कानांची शंका येतेय."

मुलींना गायला बसवलं आणि पंचाईत झाली. एकीलाही सूर सापडेना. एक वर, एक खाली, तिसरी नुसतीच हसत. बाई आधी चिडल्या. मग मटकन खुर्चीवर बसल्या आणि इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. "म्हणजे इतकी वर्षं या छताकडून सूर घेत होत्या," त्या म्हणाल्या. "आणि मी आपली समजतेय, मीच शिकवतेय."

जाताना त्यांनी माझे दोन्ही हात हातात धरले. "कुणी लक्ष दिलं नव्हतं गं. सगळे म्हणायचे, ट्यूबलाइट म्हटल्यावर आवाज असणारच." त्यांच्या सुट्टीच्या शिबिरात, बावीस तारखेपासून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत याच खोलीत गाणं चालणार आहे. पडदे ओढून, कारण बाहेर रस्ता आहे. त्या म्हणाल्या, पहिल्यांदाच शिबिराची धास्ती वाटत नाही.

घरी सांगितलं. बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो सहीचा. "दार उघडल्यावर दिसते ना? मग मला एकदा ने. वाचता नाही आली तरी बघता येईल." आई म्हणाली, "धुतलेला सदरा घालून जा. नाहीतर इस्त्रीवाला आणि चुरगळलेला." बाबा म्हणाले, दुनियेची कापडं करता करता स्वतःची राहून जातात. तिने तेवढ्यात सदरा बाजूला काढूनही ठेवला.

मालकांचे आभार मानायला हवेत. पहिलंच स्वतंत्र काम त्यांनी मला दिलं, आणि दिलं म्हणून बोलूनही दाखवलं नाही.

गुरुवार, ११ एप्रिल

आज विशेष काही नाही. मिस्त्री हल्ली सुटी झाली की गायनशाळेच्या वाटेने जातात. पेंटर म्हणतो, या वयात कंठ फुटला की काय. दुपारी त्याने हातोडीचा तंबोरा करून दाखवला. मिस्त्री म्हणाले, "तू रंग वाळू दे आधी." मला तर त्यांच्यासाठी बरं वाटतं. त्यांच्या घरी आता बोलायला कुणी नाही, आणि गायनबाई चांगल्या आहेत.

मला त्यांनी एक विचित्र प्रश्न विचारला. "तुझे बाबा इस्त्री तापली की नाही ते कशाने बघतात?" मी म्हणाले, हाताच्या पालथ्या बाजूने, जवळ नेऊन, न टेकवता. तळव्याला कष्टाने घट्टे पडलेले असतात, त्याला कळत नाही. मिस्त्रींनी आपला तळवा बघितला आणि मान हलवली.

संध्याकाळी उरलेले स्क्रू द्यायला मी शाळेत गेले, तर मिस्त्री जिन्याखाली कपाटापाशी उभे होते, दाराला हाताची पालथी बाजू लावून. मला बघून हात खिशात घातला. घूं येतंय का ते हाताने बघत असावेत. ऐकू कमी यायला लागलं की माणूस असं करतो.

खोलीत निम्मेच दिवे चालू होते. बाई म्हणाल्या, "तुमचे मिस्त्री म्हणाले, तूर्त निम्म्यावर भागवा, डोळ्यांना बरं पडतं. शिबिरात मात्र सगळे लागतील." किती बारीक विचार करतात.

रविवार, १४ एप्रिल

दिवसभर बाबांच्या टपरीवर होते. त्यांचा खांदा दुखतोय, म्हणून मी घड्या घातल्या. मला इस्त्री धरू देत नाहीत. म्हणतात, त्या हातांनी तुला आता दुसरं करायचंय.

गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा त्यांनी विचारलं, मिस्त्री दोन हजार म्हणत होते ते तू सव्वाशेवर कसं आणलंस. मी इस्त्रीपासून सुरुवात केली. इस्त्री जेवढी वीज घेते तेवढी सगळी उष्णता करते, परत काही देत नाही. चोक घेतो आणि परत देतो.

बाबांनी सदऱ्याची कॉलर दाबली, उलटी केली, पुन्हा दाबली. मग म्हणाले, "म्हणजे तुझ्या आत्यासारखा."

"आत्या कुठून आली?"

"ती नाही का, चार घरं सोडून राहते आणि रोज एक पातेलं मागून नेते. संध्याकाळी परत आणून देते. दिवसभर नुसती ने-आण. लांबून बघणाऱ्याला वाटेल, हिने भावाचं घर धुऊन नेलं. पण पातेली सगळी जागेवर असतात."

मला इतकं पटलं की मी घडी टाकून बसले. "मग उष्णता कुठली, बाबा?"

"दर वेळी एखादा चमचा राहतोच तिच्याकडे."

अख्खी दुपार आम्ही हसत होतो. खरंच, हिशोब तेवढाच आहे. पातेली मोजायची नाहीत, चमचा मोजायचा. मिस्त्रींनी पातेली मोजली, मी चमचा मोजला. मास्तरांनी वर्गात हे असं सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

बाबांना त्यांच्या लहानपणी कुणी शाळेत घातलं असतं तर, असं मनात आलं. बोलले नाही. ते आनंदात होते.

मंगळवार, १६ एप्रिल

वॅटमीटर दुरुस्त होऊन आला. त्याच लॉटमधला एक चोक टेबलावर लावला. पाच दाखवेल म्हणून शेजारी आकडा आधीच लिहून ठेवला होता.

दहा दाखवले.

जोडणी उलटी झाली असेल म्हणून सोडून पुन्हा केली. दहा. दुसरा चोक लावला, तिसरा लावला. एक साडेनऊ, एक दहाच्या किंचित वर. मीटर बिघडलेलाच परत आलाय का, म्हणून साधा बल्ब लावला. बल्ब जेवढ्याचा तेवढाच दाखवला.

मग कळलं. मी उष्णता फक्त तारेत धरली. चोकच्या आत लोखंडाचा गाभा आहे, आणि आपली वीज सेकंदाला शंभर वेळा त्याचं चुंबकत्व उलटंपालटं करते. त्यातही उष्णता जाते. मल्टिमीटर बॅटरीवर चालतो, त्याची वीज एकाच दिशेने जाते. तेव्हा लोखंड गप्प असतं, आणि मी ते गप्प असताना मोजलं. शिवाय तार तापली की तिचा रोध वाढतो, आणि मी मोजली ती थंड. हे मला माहीत होतं. परीक्षेत मी याच प्रश्नाचे पूर्ण गुण घेतले होते. मिस्त्रींपुढे बरोबर ठरण्याच्या घाईत विसरले.

आत्याकडे दोन चमचे राहत होते. मी एकच मोजला.

चोवीसांचे दोनशे चाळीस वॅट. इस्त्रीचा तिसरा हिस्सा, बंद कपाटात, फेल्टमध्ये गुंडाळून. आतली हवा वीस नाही, चाळीस अंशांनी वर जाणार, आणि चोकचं अंग त्याहूनही बरंच गरम. ते लाकडाला टेकलेलं आहे. आत्तापर्यंत दिवे संध्याकाळचे तीन तास, तेही निम्मे. शिबिरात दिवसभर, सगळे, पडदे ओढून. खोलीत मुली. बाहेर जायचा जिना त्या कपाटाच्या वरच.

मिस्त्री आले. त्यांनी मीटरचा काटा बघितला, मला बघितलं. म्हणाले, "जेवलीस का?" मी नाही म्हणाले. "जेवून घे आधी." त्यांना त्या काट्याचा अर्थ लागला नसावा. मी सांगितलं नाही.

बुधवार, १७ एप्रिल

सकाळी कुणी यायच्या आधी मिस्त्रींना सांगितलं. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, ते जमलं नाही. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझे दोन हजारही चूक आणि तुझे सव्वाशेही चूक."

"हो."

"मग बरोबर कुणाचं?"

"मीटरचं."

"त्याला तर पगारही नाही," ते म्हणाले, आणि मला हसू आलं, नको होतं तेव्हा.

उपाय मी रात्रीच काढला होता. खाली आणि वर फटी ठेवायच्या, पण सरळ नाही. आत फळ्या आडव्या बसवून नागमोडी वाट करायची, दोन्ही बाजूंना फेल्ट. हवा वळणं घेत निघून जाते, आवाज वळणावळणावर फेल्टमध्ये मरतो. थोडा तरी बाहेर येईलच. किती येईल ते सांगता येत नाही. चोकही लाकडापासून वर उचलून पत्र्याच्या पट्ट्यांवर घ्यावे लागतील. मी विचारलं, एवढ्या फळ्या आणि पट्ट्या परवापर्यंत कोण कापून देणार?

आणि बघा, नशीब म्हणतात ते असं. कोपऱ्यात भंगाराशेजारी फळ्या उभ्याच होत्या, बरोबर कपाटाच्या रुंदीच्या. पत्र्याच्या पट्ट्याही, चोवीस आणि वर दोन. मिस्त्री म्हणाले, दुसऱ्या कुठल्या तरी कामातून उरल्यात. एवढं जुळून येईल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. टेम्पोही शुक्रवारी मोकळा आहे, गेल्या आठवड्यातच कुणीतरी भिंतीवरच्या फळ्यावर तशी नोंद करून ठेवली होती.

मग मालक. त्यांच्या केबिनमध्ये मी बसले नाही.

"चूक किती?"

"दुप्पट."

"कुठल्या बाजूला?"

"वाईट बाजूला. मी कमी धरलं."

"कुणी पकडली?"

"मीच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ग्रंथालयवाल्यांनाही असंच करून हवंय, ते हेच कपाट बघायला येणार होते. ते काम तुलाच द्यायचं ठरलं होतं माझ्या मनात." मग म्हणाले, "आता ते बघू. गायनबाईंना कोण सांगणार? मी फोन करू?"

माझ्या मनात आलं, करा. सरळ तसं आलं. पण दारावर सही त्यांची नाही. मी म्हणाले, मी जाऊन सांगते. ते म्हणाले, "बरं." ही शाबासकी नव्हती, आणि या वेळी मी तशी लिहीत नाही. ग्रंथालयाचं काम बहुतेक गेलं. त्याचं वाईट वाटतं. तरी त्यांनी मला काढलं नाही, आवाज चढवला नाही, आणि विचारले ते सगळे प्रश्न कामाचेच होते.

गुरुवार, १८ एप्रिल

बाबांना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. सदरा दोरीवर होता, इस्त्री करून.

मी म्हणाले, "सही बघायला आत्ता नको जाऊया. आकडा चुकलाय."

बाबा खांदा चोळत होते, थांबले. "किती?"

"दुसरा चमचा राहिला मोजायचा."

त्यांनी दोरीवरच्या सदऱ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता आई आतून काहीतरी म्हणेल. पण बाबाच म्हणाले, "एकदा माझ्याकडून एकाचा लग्नाचा कोट जळाला. बरोबर छातीवर. माझा मामा म्हणाला, मागच्या गल्लीने सटक. मी गेलो त्याच्या घरी, कोट हातावर घेऊन."

"मग?"

"मग काय. बोलला तो. पोटभर बोलला." सदरा दोरीवरून काढून त्यांनी घडी न घालता खुंटीला लावला. "पण पुढच्या वेळी त्याने कापडं माझ्याकडेच टाकली. दुसरीकडे जळली तर सांगतील याचा त्याला भरवसा नव्हता."

आई आतून म्हणाली, "आणि तो कोट आपल्या अंथरुणाखाली किती वर्षं होता, तेही सांगा."

"तेही आहे," बाबा म्हणाले.

दुपारी गायनबाईंकडे निरोप पाठवला की कपाटाबद्दल बोलायचं आहे, दिवे तोवर लावू नका. उत्तर आलं: या, पण मुलींना आता कुठे सूर सापडतोय. त्यांना बाहेर नेऊन सांगायचं की कपाटापाशी नेऊन, हे चारदा ठरवलं आणि चारदा बदललं. कपाटापाशीच. दार उघडून.

तिथे जुना आकडा खोडायचा नाही. त्यावर एक रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येईल, आणि शेजारी "२४०" लिहायचं. खाली पुन्हा सही. मिस्त्री डबा धरायला येतो म्हणाले आहेत. मी म्हटलं, तुम्ही गायनबाईंच्या ओळखीचे, तुम्ही असलात तर त्या कमी रागावतील. त्यावर ते हसले. का, ते कळलं नाही. पण त्यांच्यासारखा माणूस मला कामावर पहिल्याच दिवशी भेटला, याबद्दल मी कुणाचे आभार मानावेत तेही कळत नाही.

बाबा उद्या टपरी उघडणार नाहीत. म्हणाले, "रेघ मारलेली सही बघायला आलो तर चालेल ना?" मी हो म्हणाले.

जायचं ठरलं ते असं: शुक्रवार, १९ एप्रिल, सकाळी साडेनऊला, मुली यायच्या आधी.